धोका आधी कोणाला दिसतो?

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आज मी तुमच्याशी कामावरच्या अपघातांविषयी बोलणार आहे. पण 'सांभाळून काम करा' एवढेच सांगून मी खाली बसणार नाही. ते तुम्हाला सगळेच सांगत आले आहेत. आई सांगते, मुकादम सांगतो, कारखान्याच्या फाटकावरची पाटी सांगते. आता तर ती पाटी तुम्हाला वाचताही येते. तरी माणसांचे हात तुटायचे काही थांबत नाहीत. तेव्हा गोष्ट दुसरीकडेच कुठेतरी अडली आहे. कुठे अडली आहे, ते आज आपण पाहू.

आधी एक साधा प्रश्न विचारतो. शाळेच्या छपराचे कोणते कौल हलते आहे, हे सर्वांत आधी कोणाला कळते? शिक्षणाधिकाऱ्यांना? ते वर्षातून एकदा येतात, शेरेबुकात सही करतात आणि जातात. मुख्याध्यापकाला? तो बिचारा कागदात बुडालेला असतो. कळते ते त्या कौलाखाली बसणाऱ्या पोराला. पाऊस आला की पहिला थेंब त्याच्याच पाटीवर पडतो. म्हणून पावसाळ्याआधी छप्पर पाहायचे झाले, की मी पोरांनाच विचारत असे, "कोण कुठे भिजतं रे?" भराभर बोटे वर होत. सुतार मग नेमक्या जागी शिडी लावी.

कामाचेही तसेच आहे. साखर कारखान्यात उसाच्या गव्हाणीजवळ जो उभा असतो, त्याला साखळीचा आवाज बदललेला कळतो. विहिरीत उतरणाऱ्याच्या हाताला दोर कुठे विरला आहे ते लागते. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईला, फळी कुठे लचकते ते पायाखाली समजते. साहेब शिकलेला असेल, शहाणा असेल, मनाने चांगलाही असेल. पण त्या फळीवर त्याचा पाय पडत नाही.

मग त्या बाईला कोणी विचारते का? आणि तिने 'थांबा' म्हटले, तर कोणी थांबते का? माझे आजचे सारे बोलणे या दोन प्रश्नांभोवती आहे.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, मजुरानं थांबा म्हटलं आणि काम थांबलं, असं कुठं असतं का?" असते. रेल्वेत असते.

गँगमन तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. आता कागदावर त्याचे नाव 'ट्रॅक मेंटेनर' झाले आहे, पण गावात आपण गँगमनच म्हणतो. उन्हात, पावसात रूळ तपासत चालणारा माणूस. रेल्वेच्या उतरंडीत तो अगदी खालच्या पायरीवर. त्याच्या वर मुकादम, मुकादमाच्या वर साहेब, साहेबाच्या वर आणखी मोठे साहेब. पण रूळ तडकलेला दिसला, की हा खालच्या पायरीवरचा माणूस कोणाचीही परवानगी मागत बसत नाही. त्याच्याजवळ लाल बावटा असतो. रात्री लाल दिवा असतो. आणि फटाके असतात. हे फटाके दिवाळीतले नव्हेत बरं का. चपट्या डबीसारखी वस्तू असते, ती रुळावर बसवतात. इंजिनाचे चाक तिच्यावरून गेले की मोठा बार होतो. धोक्याच्या जागेपासून ६०० मीटरवर एक फटाका लावायचा. मग आणखी पुढे पळत जाऊन १२०० मीटरवर तीन लावायचे, दहा दहा मीटरच्या अंतराने. मोठ्या रुळाच्या मार्गावर असा नियम आहे. इतक्या लांब का? धावती आगगाडी बैलगाडीसारखी कासरा ओढला की उभी राहत नाही. ब्रेक लावल्यावरही ती पुष्कळ पुढे जाते.

बार ऐकला की ड्रायव्हरला गाडी रोखावीच लागते. मग ती मालगाडी असो, राजधानी एक्सप्रेस असो, आत मंत्री बसलेले असोत. आधी गाडी थांबते, चौकशी मागून होते. 'गाडीला उशीर झाला तर तुझी नोकरी जाईल,' अशी धमकी त्याला तेव्हा कोणी देत नाही.

कोकणातली मंडळी इथे आहेत, त्यांना आठवत असेल. २००३ सालच्या २२ जूनच्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर दरड आली. कारवारहून मुंबईला निघालेली गाडी तिच्यावर आदळली. पन्नासच्या आसपास माणसे दगावली. आज पावसाळ्यात कोकण रेल्वे गाड्यांचा वेग कमी ठेवते, आणि धोक्याच्या जागी गस्तीची माणसे ठेवते. यंत्रे आहेत, तारा आहेत, सगळे आहे. पण रात्री पावसात भिजत रुळावरून चालणाऱ्या माणसाचे डोळेही लागतातच. डोंगराची माती सुटू लागली, हे मुंबईच्या कचेरीत बसून दिसत नाही.

आता याच्या उलट गोष्ट सांगतो. ऐकायला जड आहे, पण ऐकलीच पाहिजे.

भोपाळचे नाव तुम्ही ऐकले असेल. तिथे युनियन कार्बाइड कंपनीचा कीटकनाशके करण्याचा कारखाना होता. त्यात एक अतिशय विषारी वायू टाकीत साठवलेला असे. १९८१ च्या डिसेंबरात तिथे दुसऱ्या एका विषारी वायूने एक कामगार दगावला. पुढच्याच वर्षी पुन्हा गळती झाली, आणखी कामगार आजारी पडले. कामगार संघटनेने आवाज उठवला. धोका आहे म्हणून भिंतींवर कागद चिकटवले. शहरातल्या राजकुमार केसवानी नावाच्या पत्रकारानेही १९८२ पासून लिहून इशारा दिला. कोणी फारसे मनावर घेतले नाही. उलट खर्च वाचवायचा म्हणून कामावरची माणसे कमी केली. टाकी थंड ठेवणारे यंत्रही बंद करून ठेवले.

मग १९८४ च्या डिसेंबरातली २ तारखेची रात्र आली. रात्री अकराच्या पुढे कामावरच्या माणसांचे डोळे चुरचुरू लागले. वायू कुठेतरी गळतो आहे, हे त्यांना त्यांच्या डोळ्यांनी सांगितले. त्यांनी वरच्याला कळवले. वरच्याला वाटले, पाण्याची गळती असेल. चहाची वेळ झाली होती. ठरले काय, तर चहा झाल्यावर बघू.

चहा झाला. तोवर टाकीतला दाब भलताच वाढला होता. मध्यरात्रीनंतर वायू बाहेर पडला आणि झोपलेल्या वस्तीवर पसरला. त्या रात्री आणि नंतर हजारो माणसे मेली. किती तरी जन्मभराची अधू झाली. चहाच्या आधी धावाधाव केली असती तर सगळे टळले असते, असे मी म्हणत नाही. टाकीत जे बिघडायचे ते आधीच सुरू झाले होते. पण दोन-तीन वर्षे जी माणसे 'हे ठीक नाही' म्हणत होती, त्यांचे ऐकले असते तर? त्या रात्री कामगारांचे डोळे खरे बोलत होते, आणि त्यांचा शब्द चहाइतकाही मोलाचा ठरला नाही.

एवढे झाल्यावर कायदा जागा झाला. १९४८ सालचा कारखाने कायदा होता. त्यात १९८७ साली दुरुस्ती झाली. धोक्याच्या कारखान्यात सुरक्षा समिती पाहिजे, आणि तिच्यात मालकाच्या बाजूची जितकी माणसे तितकीच कामगारांची पाहिजेत, असे ठरले. दुसरे असे की, जिवाला धोका आहे असे कामगाराला खरोखर वाटले, तर त्याने ते मालकाला किंवा वरच्या अधिकाऱ्याला सांगावे आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवावे. हा त्याचा हक्क आहे, असे कायद्यात लिहिले गेले. आता तो जुना कायदा एका नव्या संहितेत सामावला आहे. संसदेने ती २०२० साली मंजूर केली, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ती लागू झाली. धोका दिसला तर मालकाला आणि निरीक्षकाला कळवण्याचा हक्क तिच्यातही आहे. तुमची मुले एमआयडीसीत कामाला आहेत, त्यांना हे सांगून ठेवा.

पण कायदा कागदावर असतो आणि माणूस यंत्रापाशी असतो. मधले अंतर कोण तोडणार? समितीची बैठक भरते, चहा-बिस्किटे होतात, सह्या होतात. कामगारांचा म्हणून जो प्रतिनिधी असतो, तो कधी कधी साहेबांच्याच पसंतीचा असतो. तो कशाला बोलेल?

माझा एक जुना विद्यार्थी एका साखर कारखान्यात कामाला आहे. कारखान्याचे नाव सांगत नाही. त्याने सांगितलेली हकीकत अशी.

उसाचा रस काढल्यावर चिपाड राहते. ते पट्ट्यावरून बॉयलरकडे जाते. पट्टा दिवसरात्र चालू. त्या पट्ट्याच्या खाली चिपाड सांडून ढीग होई. ढीग वाढला की पट्टा घासू लागे. म्हणून एक माणूस वाकून, आत शिरून, फावड्याने ते ओढून काढी. पट्टा चालूच! पट्ट्याच्या कडेने एक दोरी असते. संकट आले की ती ओढायची, पट्टा बंद होतो. पण ती दोरी कोणाचा धक्का लागून उगाच ओढली जाई आणि गाळप खोळंबे. म्हणून ती वर बांधून टाकली होती. माझ्या विद्यार्थ्याने आणि दुसऱ्या एकाने फोरमनला सांगितले, "दोरी सोडा. कुणाचा तरी हात जाईल." फोरमन म्हणाला, "हंगाम संपू दे, मग बघू."

हंगाम संपायच्या आधीच एकाचा हात गेला. फावडे ओढले गेले, मागोमाग हात. बांधलेल्या दोरीपर्यंत कोणी पोचेस्तोवर खांद्यापर्यंत आत. चौकशी झाली. कागदावर कारण काय लिहिले, माहीत आहे? 'कामगाराचा निष्काळजीपणा.' आणि भिंतीवर नवी पाटी लागली, 'सुरक्षितता प्रथम.' मला या पाट्यांचा राग नाही, पण पाटी लावून मोकळे होणाऱ्यांचा आहे.

पुढच्या हंगामाला नवा इंजिनिअर आला. तरुण पोरगा. तो रात्रपाळीला पट्ट्यापाशी येऊन बसला. फोरमनला मुद्दाम बरोबर आणले नाही. एका म्हाताऱ्या कामगाराला त्याने विचारले, "काका, हे चिपाड खाली सांडतंच का?" त्या माणसाची पंचवीस वर्षे तिथे गेली होती. त्याला हा प्रश्न पंचवीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. तो म्हणाला, "साहेब, वरची पट्टी झिजलीय. ती चिपाड खरवडून काढत नाही, म्हणून ते पट्ट्याला चिकटून खाली येतं. पट्टी बदला, खाली कुणाला शिरायलाच नको." पट्टी बदलली. थोडक्या पैशांचे काम. दोरीही सोडली, आणि उगाच धक्का लागू नये म्हणून जरा बाजूला घेतली. ती जागाही कामगारांनीच दाखवली.

पाहा, इथे 'सांभाळून आत शिरा' असे कोणी सांगितले नाही. आत शिरण्याची गरजच काढून टाकली. ती युक्ती मोठ्या पुस्तकात नव्हती, त्या काकांच्या डोक्यात होती.

मग ते काका पंचवीस वर्षे बोलले का नाहीत? हा प्रश्न मी त्या विद्यार्थ्याला विचारला. तो हसला. म्हणाला, "गुरुजी, पहिल्या वर्षी बोलले होते. तेव्हाचा साहेब म्हणाला, तू इंजिनिअर आहेस का?"

बस्स. एकदा तोंडावर दार आपटले की माणूस पुन्हा ते दार ठोठावत नाही. आपल्या लोकांना कळत नाही म्हणून ते गप्प बसतात, असे नाही. त्यांना फार चांगले कळते. बोलून काय होते, हेही कळते.

दुसरेही कारण आहे, ते पैशाचे. ऊसतोडीला जाणारा कोयता मुकादमाकडून उचल घेऊन निघतो. मजुरी टनावर. वीटभट्टीवर मजुरी हजार विटांमागे. काम थांबले की मजुरी थांबली, आणि उचल तर अंगावरच आहे. असा माणूस कोणत्या तोंडाने 'थांबा' म्हणेल? त्याला नुसता बोलण्याचा हक्क देऊन भागत नाही. थांबलेल्या घटकेची मजुरी कापणार नाही, असा शब्द आधी दिला पाहिजे. मालकलोकांना हे जड जाते, मला ठाऊक आहे. पण तुटलेला हात कितीला पडतो, याचाही हिशेब एकदा मांडावा.

आणि तिसरे कारण आपल्यातच आहे. कोणी म्हणाला, "या फळीवर मी चढणार नाही," की बाकीचे हसतात. "बायकांसारखा घाबरतोस?" म्हणतात. आता बायका त्याच फळीवरून दिवसभर मोळ्या वाहतात, ते सोडा! पण अशा हसण्याने कित्येकांना गप्प बसवले आहे.

अमेरिकेत अल्कोआ नावाची ॲल्युमिनियमची मोठी कंपनी आहे. १९८७ साली पॉल ओनील नावाचे गृहस्थ तिचे प्रमुख झाले. पैसे गुंतवणारी मंडळी त्यांचे पहिले भाषण ऐकायला जमली. त्यांना वाटले, हे नफ्यातोट्याचे सांगतील. यांनी सुरुवात केली ती कामगारांच्या सुरक्षिततेपासून. सभागृहातून बाहेर पडायचे दरवाजे कुठे आहेत, तेही दाखवले. काही जणांना वाटले, हा माणूस कंपनी बुडवणार. पण ओनील बोलून थांबले नाहीत. कोणी कामगार जखमी झाला की २४ तासांत त्याची खबर थेट त्यांच्यापर्यंत पोचली पाहिजे, असा त्यांचा हुकूम होता. पुन्हा तसे होऊ नये म्हणून काय करणार, हेही सांगावे लागे. आणि त्यांनी कामगारांना आपल्या घरचा फोन नंबर दिला. तुमचा साहेब ऐकत नसेल तर मला घरी फोन करा, म्हणाले. लोकांनी खरेच फोन केले. आधी धोक्याचे सांगितले. त्याचे काम होते आहे असे दिसल्यावर, काम अधिक चांगले कसे होईल तेही सांगू लागले. बारा-तेरा वर्षांत त्या कंपनीतल्या दुखापती फारच खाली आल्या, आणि नफा वाढला. हेच ओनील पुढे त्या देशाचे अर्थमंत्री झाले.

आपल्याकडे प्रत्येक मालकाने घरचा नंबर द्यावा, असे मी म्हणत नाही. नंबर आपल्याकडे असतोच, उचलत नाहीत एवढेच!

आता आपण घरी येऊ. कारखान्यात निदान कायदा आहे, समिती आहे. आपल्या शेतात चौघे मजूर मळणी करतात, त्यांची समिती कुठली? तुमच्यापैकी बरेच जण मजुरीला जातात, आणि काही जण मजूर लावतातही. तेव्हा हे दोघांसाठी आहे.

मळणी यंत्र घ्या. या यंत्रांनी उत्तरेकडे इतके हात तोडले, की १९८३ साली धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. पेंढी सरकवायचे तोंड आखूड असले, की हात आतल्या फिरत्या दात्यांपर्यंत जातो. तोंड लांब आणि वरून झाकलेले असले, की तो पोचत नाही. आणि ट्रॅक्टरपासून यंत्राकडे जो फिरता दांडा जातो, त्याच्यावरचे झाकण कित्येकदा नाहीसे झालेले असते. त्या दांड्यात पदर जातो, धोतराचा सोगा जातो, मोकळी वेणी जाते. झाकण नाही, हे आधी कोणाला दिसते? भुसा ओढणाऱ्या बाईला. ती दिवसभर त्याच्या शेजारून ये-जा करते. पण तिला कोण विचारतो? रात्री उशीर झालेला असतो, दिवा एकच असतो, यंत्रवाल्याला दुसऱ्या शेतावर जायचे असते. ती पदर घट्ट खोचते आणि देवाचे नाव घेते.

फवारणीचेही तसेच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध मारताना विषबाधा झाली. वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. वर मारलेला फवारा तोंडावरच येई. कुठे दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली. डोळ्यांपुढे अंधारी येते, मळमळते, हे फवारणाऱ्याला आधी कळते. भोपाळच्या त्या कामगारांसारखेच. अशा वेळी 'हा एवढा पंप संपवून टाक' म्हणणे म्हणजे माणूस संपवणे आहे. पंप खाली ठेवायचा, अंग साबणाने धुवायचे, कपडे बदलायचे आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठायचा. डबा दाखवला की कोणते विष आहे ते डॉक्टरला कळते.

मजूर लावणाऱ्यांना एक सांगतो. विचारायचे कसे, हेही शिकावे लागते. सकाळी "सगळं ठीक आहे ना?" असे विचारले, तर उत्तर ठरलेले आहे. "होय मालक." शाळेत मी "समजलं का?" विचारले की सगळी पोरे एका सुरात "होऽऽ" म्हणत. ते उत्तर नव्हेच. त्यापेक्षा असे विचारा, "काल कुठं थोडक्यात निभावलं?" "या यंत्रापाशी तुमच्या पोराला उभं कराल का? का नाही?" मग बघा लोक कसे बोलतात. आणि बोलल्यावर गुरकावू नका. चूक कोणाची हे नंतर. आधी त्याच दिवशी, त्याच्या डोळ्यांदेखत, एखादी तरी गोष्ट दुरुस्त करा. खिळा ठोका, फळी बदला, दिवा आणखी एक लावा. जे होणार नाही, ते का होणार नाही ते सांगा. तेवढ्याने माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलतो.

'थोडक्यात निभावलं' ही गोष्ट आपण हसण्यावारी नेतो. हाइनरिक नावाच्या अमेरिकन माणसाने १९३१ साली एक हिशेब मांडला होता. एका मोठ्या अपघातामागे २९ लहान दुखापती असतात, आणि काहीच न लागता निभावल्याचे ३०० प्रसंग असतात, असा. हा आकडा प्रत्येक धंद्याला तंतोतंत लागू पडत नाही. पुढे जाणकारांनी त्याच्यावर टीकाही पुष्कळ केली. पण मोठ्या अपघाताआधी लहान खुणा बहुतेक वेळा दिसून जातात, एवढे खरे. पट्ट्याखाली ज्याचा हात गेला, त्याच्या आधी दोघांची फावडी ओढली गेली होती. फावडी नवी दिली, आणि विषय संपला.

मजुरीला जाणाऱ्यांना सांगतो. एकट्याने जाऊ नका, दोघे-तिघे मिळून जा. एकटा गेला तर तो तक्रारखोर ठरतो. माणसाविषयी बोलू नका, वस्तूविषयी बोला. 'तुम्हाला आमची पर्वा नाही' म्हटले की भांडण लागते. 'दांड्याला झाकण नाही, ते बसवलं की लगेच काम सुरू करू' म्हटले की बोलणे झाकणावर राहते. आणि जे सांगितले ते लिहून ठेवा. आजवर तुमचे बोलणे वाऱ्यावर जात होते. 'मला कुणी सांगितलंच नाही' असे म्हणायला समोरचा मोकळा होता. आता तुमच्या हाती अक्षर आले आहे. वहीत तारीख घाला. कुठे, काय, कोणाला सांगितले, काय झाले. चार ओळी पुरेत. अशा:

'दसऱ्यानंतरचा सोमवार. मळणी यंत्राच्या दांड्याला झाकण नाही. यंत्रवाल्या अण्णांना सांगितले. आम्ही तिघी होतो. दुपारी झाकण बसवले.'

शेवटची ओळ 'झाकण बसवले नाही' अशी असली, तरी तीही लिहा. ती जास्त कामाची आहे.

पुढच्या बुधवारी वर्गाला येताना प्रत्येकाने अशी एक नोंद लिहून आणायची आहे. आपण जिथे काम करतो तिथे, आपल्याला दिसलेला एक धोका. अक्षर वेडेवाकडे असले तरी चालेल. जोडाक्षर अडले तर शेजारच्याला विचारा. आपल्या गावचे मळणी यंत्रवाले त्या दिवशी वर्गाला यायचे कबूल झाले आहेत. सोयाबीन काढणीला अजून तीन आठवडे आहेत, यंत्र शेडमध्येच उभे आहे. नोंदी त्यांच्यासमोर वाचू, आणि भुसा ओढणाऱ्या बायांच्या आधी वाचू.